गोन्सालो गार्सिया भक्तिपरंपरा

वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन या कॅथलिक धर्मसंघाचे बंधू आणि रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी प्राण देणारे) संत गोन्सालो गार्सिया (सु. 1556–5 फेब्रुवारी 1597) यांच्याभोवती वाढलेली कॅथलिक संतभक्ती. जपानमध्ये नागासाकी येथे क्रूसावर मारल्या गेलेल्या सव्वीस जणांपैकी ते एक. पोप आठवे अर्बन यांनी सप्टेंबर 1627 मध्ये या सव्वीस जणांना ‘धन्य’ ठरवले आणि पोप नववे पायस यांनी 8 जून 1862 रोजी त्यांना संतपद दिले. ‘पहिला भारतीय संत’ असे गोन्सालो यांचे वर्णन सर्रास केले जाते. ते किती काटेकोर मानायचे, हे त्यांच्या मातापित्यांविषयीच्या वादावर ठरते.

मराठीत ‘संत’ म्हटले की ज्ञानेश्वर–तुकाराम आठवतात. त्यांना संत कोणी ‘केले’ नाही, लोकांनी मानले. कॅथलिक परंपरेतही सुरुवातीस बरेचसे असेच होते. रक्तसाक्षीच्या थडग्यापाशी त्याच्या मृत्युदिनी जमायचे, त्याची हाडे जपून ठेवायची, ही चाल दुसऱ्या शतकात स्मर्ना येथील रक्तसाक्षी बिशप पॉलिकार्प यांच्या अनुयायांमध्ये दिसते. मृत्यूचा दिवस हाच स्वर्गातील जन्मदिवस मानणे हेही तेव्हापासूनचे. पुढे हा अधिकार क्रमाने स्थानिक बिशपांकडे आणि अखेर रोमकडे गेला. पोपने संतपद दिल्याचे पहिले नोंदलेले उदाहरण 993 मधील, आउग्सबुर्गच्या उलरिख यांचे. आराधना फक्त परमेश्वराची, संतांना आदर आणि मध्यस्थीची विनवणी, हा भेद चर्चने वारंवार स्पष्ट केला आहे. ट्रेंट येथे भरलेल्या चर्चच्या परिषदेच्या डिसेंबर 1563 मधील अखेरच्या अधिवेशनाने संतांचा धावा करणे चांगले व उपयुक्त ठरवले आणि त्याच ठरावात अवशेषांवरून चालणारी अंधश्रद्धा व पैशाची लूट बंद करण्यासही बजावले. ‘धन्य’ व्यक्तीची उपासना ठरावीक प्रांतापुरती किंवा संघापुरती चालते, संताची सर्वत्र. गोन्सालो यांच्या बाबतीत या दोन पायऱ्यांमध्ये 235 वर्षे गेली. प्रस्तुत परंपरेतील बहुतेक गुंतागुंत या मधल्या काळातली आहे.

चरित्र : वसई 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादुरशाहाकडून पोर्तुगीजांकडे आली होती. गोन्सालो यांचे शिक्षण तेथील जेझुइटांकडे (येशूसंघ या दुसऱ्या धर्मसंघाकडे) झाले आणि कोवळ्या वयातच ते जेझुइटांबरोबर जपानला गेले. तेथे ते उत्तम जपानी शिकले आणि धर्मशिक्षकाचे काम करू लागले. मात्र जेझुइट संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. काही काळ व्यापार करून ते मनिलाला गेले व तेथे 1587-88 च्या सुमारास फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. ते धर्मगुरू कधीच नव्हते. 1593 मध्ये फिलिपीन्सच्या गव्हर्नरचे दूत म्हणून पेद्रो बौतिस्ता हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे गेले, तेव्हा गोन्सालो त्यांचे दुभाषी होते. हिदेयोशीने 1587 मध्येच मिशनऱ्यांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम काढला होता आणि पोपच्या 1585 च्या आज्ञेने जपान हे क्षेत्र जेझुइटांसाठी राखून ठेवले होते. त्यामुळे फ्रान्सिस्कनांचे येणे राज्यकर्त्यांच्या आणि जेझुइटांच्या, दोघांच्याही डोळ्यांत खुपले. तरीही क्योतोत त्यांनी चर्च आणि महारोग्यांसाठी रुग्णालय उभारले.

ऑक्टोबर 1596 मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. स्पेनचा राजा आधी मिशनरी पाठवतो व मागून सैन्य, असे जहाजाचा सुकाणूदार बोलला आणि त्याने हिदेयोशी भडकला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तथापि ती आपल्याकडे जेझुइट आणि फ्रान्सिस्कन या दोन भांडणाऱ्या पक्षांच्या कागदांतून आली आहे. जहाजावरच्या मालाचा लोभ हे कारण अधिक वजनदार दिसते. डिसेंबरात धरपकड झाली. कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली आणि ऐन हिवाळ्यात क्योतोपासून नागासाकीपर्यंत सुमारे महिनाभर त्यांना चालवत नेण्यात आले. चोवीस निघाले होते, वाटेत दोघांची भर पडली. निशिझाका टेकडीवर त्यांना खिळे न ठोकता लोखंडी कड्यांनी व दोरांनी क्रूसाला जखडले आणि दोन्ही कुशींतून भाले खुपसले. सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट व सतरा जपानी गृहस्थ आणि मुले होती. सर्वांत लहान लुई इबाराकी बारा वर्षांचा होता.

वंशाचा वाद : प्रचलित मतानुसार वडील पोर्तुगीज व आई वसईची स्थानिक. आईसाठी येणारा ‘कानारी’ हा शब्द आज कन्नड भाषकांची आठवण देतो, पण सोळाव्या शतकातील पोर्तुगीज तो गोवा–वसई पट्ट्यातील एतद्देशीयांना सरसकट लावत. त्यामुळे त्यावरून जात वा मातृभाषा काढता येत नाही. दुसरे मत आईवडील दोघेही एतद्देशीय असावेत असे मानते. या पक्षाचा मुख्य आधार ‘त्या भूमीतला’ अशा अर्थाची वर्णने हा आहे. पोर्तुगीज बापाच्या मुलाची नोंद सहसा तशी झाली नसती, असा त्यांचा युक्तिवाद. ‘गार्सिया’ या आडनावाने काहीच सिद्ध होत नाही, हे त्यांचे म्हणणे मात्र पटण्याजोगे आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे आडनाव घेण्याची रीत वसई–गोव्यात होती आणि आजच्या वसईतील पोर्तुगीज आडनावे बहुतांशी तशीच आलेली आहेत. जेझुइटांनी प्रवेश नाकारला तो एतद्देशीय रक्तामुळे, हे अनुमान त्या काळच्या धोरणाशी जुळते. दोन्ही मते तोलता मिश्र वंशाचे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण विरोधी मत बहुतांशी नोंदींतल्या मौनावर उभे आहे.

हा वाद केवळ अभ्यासकांचा नव्हता. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये तो चव्हाट्यावर आला. पेर्नाम्बुको प्रांतातील रेसिफे शहरात ‘पार्दो’ म्हणवल्या जाणाऱ्या मिश्रवर्णीयांची धर्मबंधुता (गृहस्थ भक्तांची संघटना) होती. गोऱ्यांच्या धर्मबंधुतांत त्यांना जागा नसे आणि काळ्या गुलामांच्या बंधुतांपासून ते स्वतःला वेगळे समजत. काळ्यांना पालेर्मोचे काळे बेनेदितो होते, गोऱ्यांना तर अवघे स्वर्गमंडळ. पार्दोंच्या वर्णाचा संत मात्र कोणी नाही, असे त्यांना हिणवले जाई. त्यांनी वसईचा गोन्सालो शोधून काढला. 1745 च्या सप्टेंबरात रेसिफेच्या लिव्रामेंतो चर्चमध्ये मूर्ती मिरवणुकीने आणून मोठा उत्सव झाला. त्या प्रसंगी फ्रान्सिस्कन इतिहासकार अंतोनियो द सांता मारिया जाबोआतांव यांनी प्रवचन केले, ते 1751 मध्ये लिस्बनला छापले गेले. प्रवचनाचा बराच भाग वसईचा भूगोल, तेथील लोकांचा रंग आणि गोन्सालो यांच्या आईचे मूळ यांतच खर्ची पडतो. बाप गोरा पोर्तुगीज, आई सावळ्या देशातली, म्हणजे मुलगा पार्दो, हा त्याचा गाभा. वसईची बाई ब्राझीलच्या वर्णव्यवस्थेत कोणत्या खान्यात बसते, यावर समुद्रापलीकडे पंडिती काथ्याकूट व्हावी आणि वसईला त्याची गंधवार्ता नसावी, यात गंमत आहे. गोन्सालो तेव्हा ‘धन्य’च होते, तरी पार्दो त्यांना बिनदिक्कत संत म्हणत. पेनेदो, सांव जुआंव देल-रेई आणि रिओ द जानेरो येथेही त्यांच्या नावाची चर्च उभी राहिली. पेनेदोच्या चर्चच्या नावात ‘पार्दो लोकांचे’ हे शब्द अजून टिकून आहेत.

वसई : गोन्सालो यांची कबर येथे नाही. त्यामुळे गोव्यात फ्रान्सिस झेवियर यांच्या शरीराभोवती जशी दर्शनाची परंपरा उभी राहिली, तशी वसईत राहिली नाही. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर पोर्तुगीज धर्मसंघ निघून गेले आणि किल्ल्यातील चर्च ओस पडली. गावोगावचे ख्रिस्ती मात्र टिकले. फ्रान्सिस्कनांच्या संत अँथनी चर्चच्या फरशीत पोर्तुगीज लेखांची थडगी आजही पायाखाली येतात. किल्ल्यातील जुने जेझुइट चर्च आता गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखले जाते. ज्या संघाने त्यांना घेतले नाही, त्याच संघाच्या चर्चला त्यांचे नाव मिळाले. नालासोपाऱ्याजवळ गास येथील धर्मग्रामाचे चर्चही त्यांच्या नावाचे आहे आणि वसईतील एका महाविद्यालयालाही ते दिलेले आहे. मे 1998 मध्ये मुंबईच्या महाधर्मप्रांतापासून वसई धर्मप्रांत वेगळा झाल्यावर या भक्तीला घरचे अधिष्ठान मिळाले. सणाआधी नऊ दिवस नोव्हेना (प्रार्थना), सणाच्या दिवशी मिस्सा आणि मिरवणूक, असा क्रम इतर संतांच्या सणांसारखाच असतो.

दिनदर्शिकेत मृत्युदिन 5 फेब्रुवारी हा संत आगाथा यांना आधीच दिलेला असल्याने सव्वीस जणांचे स्मरण 6 तारखेला येते. रोमच्या दिनदर्शिकेत त्याचे नाव ‘पॉल मिकी व सोबती’. म्हणजे गोन्सालो सोबत्यांत गेले. भारतात मात्र तो दिवस गोन्सालो यांचा सण म्हणूनच पाळतात. केरळच्या अल्फोन्सा यांना 2008 मध्ये व गोव्याच्या जोसेफ वाझ यांना 2015 मध्ये संतपद मिळाले. अल्फोन्सांच्या वेळी ‘पहिली भारतीय संत’ की ‘पहिली भारतीय स्त्री संत’, असा शब्दांचा घोळ वृत्तपत्रांत झाला. त्याच्या मुळाशी वसईची तीच जुनी शंका होती.

नागासाकीत निशिझाका टेकडीवर 1962 मध्ये, संतपदाच्या शताब्दीनिमित्त, शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांचे स्मारक उभारले गेले. ब्राँझच्या सव्वीस आकृती एका ओळीत आहेत. त्यांचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत, आकृती वर तरंगल्यासारख्या दिसतात. त्याआधी 1860 च्या दशकात नागासाकीतच बांधलेले ओउरा चर्च याच सव्वीस संतांना अर्पण केलेले आहे. 17 मार्च 1865 रोजी अडीच शतके लपून राहिलेले ख्रिस्ती त्याच चर्चमध्ये येऊन फ्रेंच धर्मगुरूंना भेटले.

चित्रांत व मूर्तींत गोन्सालो फ्रान्सिस्कनांचा झगा, कमरेला गाठींचा दोर, क्रूस आणि दोन भाले यांवरून ओळखावेत. ब्राझीलमधील ‘सांव गोन्सालो’ नावाची गावे व मूर्ती पाहताना सावध राहावे लागते. बहुतेक वेळा तो पोर्तुगालमधील आमारांते गावचा तेराव्या शतकातील गोन्सालो असतो. त्याचा सण 10 जानेवारीला येतो आणि त्याच्यापुढे नाच करतात. रिओतील चर्च मात्र आपल्या गोन्सालोचेच आहे. पुढे संत जॉर्ज यांची बंधुता तेथे सामील झाली आणि आज चर्चच्या जोडनावात गोन्सालो गार्सिया पहिले असले, तरी 23 एप्रिलला पहाटेपासून लागणारी रांग जॉर्ज यांच्यासाठी असते.