मराठी धडा वाचतो, मग इंग्रजीत का अडतो?

"मराठी बरं वाचतो की! इंग्रजीचाच कंटाळा आहे त्याला." पालकसभेत हे वाक्य कानावर आलं की मला जपानमधला एक मुलगा आठवतो. ताएको वायडेल आणि ब्रायन बटरवर्थ या संशोधकांनी १९९९ मध्ये त्याच्याविषयी लिहिलं. वय १६, घरची भाषा इंग्रजी, शाळा जपानी. जपानी तो कॉलेजातल्या मुलांच्या तोडीनं वाचायचा. इंग्रजी वाचताना मात्र त्याला डिस्लेक्सिया होता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन अडायचं, तोही घरात बोलली जाणारी भाषा असून. याला कंटाळा कसं म्हणायचं?

उलगडा लिपीत आहे. 'कॅट' हा शब्द देवनागरीत लिहिताना दोन अक्षरं पुरतात, कॅ आणि ट. इंग्रजीत तीन लागतात, कारण तिथे 'कॅ' फोडून क् आणि ॲ वेगळे करावे लागतात. बोलताना हे आवाज एकमेकांत मिसळलेले असतात. ते सुटे करणं डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला सगळ्यात जड जातं. बाराखडीत त्याला 'का', 'कि' असा अख्खा घास मिळतो. जपानी काना लिपीतही जवळपास तसंच आहे.

त्यात इंग्रजी स्पेलिंग बेभरवशाचं. ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं 'टफ'मध्ये 'अफ' होतात, 'थ्रू'मध्ये 'ऊ' आणि 'दो'मध्ये 'ओ'. फिलिप सेमोर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरोपातल्या १३ भाषांमधली मुलं तपासली. पहिलीच्या अखेरीस फिनिश मुलं ओळखीचे शब्द ९८ टक्के अचूक वाचत होती, तर इंग्रजी वाचणारी स्कॉटिश मुलं जेमतेम ३४ टक्के. ही सगळी मुलं सर्वसाधारण होती, हे विसरू नये.

मराठीसारख्या लिपीत हा त्रास चुकांपेक्षा संथ वाचनातून दिसतो. मूल हळू वाचतं, पण बरोबर वाचतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आहे, त्यामुळे ते मूल तिथे उघडं पडतं आणि आळशी ठरतं.

मग शिक्षा म्हणून स्पेलिंग दहा वेळा लिहायला लावतात. मूल घोकतं, "सी-ए-टी कॅट." पण सी, ए, टी या नावांत 'कॅट'चे आवाज आहेतच कुठे? आवाज आधी शिकवायला हवेत. १९३०च्या दशकात अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी बसवलेल्या पद्धतीचा हाच पाया आहे. मूल अक्षर बघतं, त्याचा आवाज तोंडानं काढतं आणि त्याच वेळी बोटानं ते गिरवतं. वाळूच्या ताटातही चालतं. अक्षर आणि आवाजाची एक जोडी पक्की झाल्याशिवाय दुसरी घ्यायची नाही. रिचर्ड स्पार्क्स आणि लिओनोर गॅन्शो यांनी पुढे अमेरिकी शाळांत स्पॅनिश शिकताना अडखळणाऱ्या मुलांसाठी हीच रीत वापरली, तेव्हा त्यांची आवाज सुटे करण्याची क्षमता सुधारली.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे तपासणीसाठी शाळेकडे आग्रह धरायला संकोच नको. तोवर मुलाला जवळ घ्या आणि पुस्तक न उघडता विचारा, "'कॅट'मधला क् काढला तर काय उरतं?" अडला, तर तुम्ही 'ॲट' म्हणून दाखवा. मग 'बॅट' घ्या, मग 'मॅट'.