सेफ्टी पिन (पंक फॅशनमधली)

सेफ्टी पिन कशाला लागते ते सांगायला नको, ही नोंद आहे १९७०च्या दशकात पंक (म्हणजे कर्कश रॉक संगीत आणि बंडखोर, फाटक्या पेहरावाची तरुणांची लाट) पोरंपोरी ती अंगावर उघड मिरवायला लागले त्याबद्दल. वस्तू तशी जुनीच, रोमन लोकांची फिब्युला, म्हणजे कपडे अडकवायची पिन, याच जातीची. आताची पिन मात्र न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटची, पेटंट १० एप्रिल १८४९, क्रमांक ६२८१, एकाच तारेला वेढा देऊन स्प्रिंग केली आणि टोक अडकवायला झाकण, आणि एवढ्या अफाट कल्पनेचे हक्क बिचाऱ्याने ४०० डॉलरला विकून टाकले.

पंकमध्ये ती पहिल्यांदा कोणी लावली यावर वाद आहे. एक मत असं की न्यूयॉर्कचा गायक रिचर्ड हेल साधारण १९७४-७५च्या सुमारास फाटके शर्ट पिना लावून घालायचा, ते लंडनच्या सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा मॅनेजर माल्कम मॅक्लारेनने पाहिलं आणि लंडनला परत जाऊन फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूडबरोबर किंग्ज रोडच्या दुकानात तसे कपडे विकायला काढले. दुसरीकडे सेक्स पिस्टल्सचा गायक जॉनी रॉटनचं म्हणणं, कपडे फाटत होते म्हणून पिना लावल्या, बाकी काही नाही. मॅक्लारेनने स्वतःच हेलचं नाव घेतलंय त्यामुळे न्यूयॉर्कचं पारडं जड वाटतं, पण दोन्हीकडे फाटकं कापड आधी आलं आणि अर्थ मागून, हे जास्त महत्त्वाचं.

मग अर्थ भराभर बदलले. १९७७मध्ये सेक्स पिस्टल्सची पोस्टरं करणाऱ्या जेमी रीडने ब्रिटनच्या राणीच्या फोटोत ओठांना पिन लावली, त्याच वर्षी ब्रिटिश डिझायनर झँड्रा ऱ्होड्सने पिना लावलेले महागडे ड्रेस आणले, म्हणजे वर्षभरात बंडही तेच आणि शोभाही तीच. १९९४ला अभिनेत्री एलिझाबेथ हर्लीचा, व्हर्साचे या इटालियन फॅशन कंपनीचा सोनेरी पिनांचा काळा ड्रेस गाजला. २०१६ला ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडायच्या, मतदानानंतर ब्रिटनमध्ये लोक ती कॉलरला लावायला लागले, बाहेरून आलेल्यांना ‘आम्ही तुमच्या बाजूने’ हे सांगायला.

बडोद्यात हिशेब बरोबर उलटा. नवरात्रात गरब्याला निघताना दांडिया बाजारातल्या मराठी घरात आत्या दातात चार पिना धरून पोरीची ओढणी बसवत असते, आणि एकही पिन बाहेरून दिसली नाही तरच ते काम नीट झालं म्हणायचं. पिनेत आधी एक मणी ओवायचा, मग ती कापडात घालायची, म्हणजे रात्रभर घुमलं तरी झिरझिरीत ओढणी स्प्रिंगच्या वेढ्यात अडकून फाटत नाही.