शेक संपला तरी जबडा आवळतो, तो का?

परळला तोंडा-घशाच्या कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, घेऊन गावी परतलेला माणूस काही महिन्यांत जेवायला लागतो, अंग धरतो, घरचे निर्धास्त होतात. तोंड मात्र रोज किंचित कमी उघडत असतं. एक दिवस वडापावचा घास तोंडात मावत नाही, तेव्हा ते ध्यानात येतं.

तोंडा-घशाच्या कॅन्सरला साधारण 60 ते 70 ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं माप) रेडिएशन सहा-सात आठवड्यांत विभागून देतात. त्यात गाठीबरोबर आसपासच्या बारीक रक्तवाहिन्याही दुखावतात. मग टीजीएफ-बीटा नावाच्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजनचे धागे तयार करू लागतात. साधी जखम भरली की हे काम थांबतं. इथं ते वर्षानुवर्षं चालूच राहू शकतं. चावण्याचे स्नायू, मानेची कातडी, गिळण्याचा मार्ग, सगळंच कडक होत जातं. यालाच फायब्रोसिस म्हणतात.

आपल्याकडे त्यात सुपारीची भर. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी अनेकांचे गाल कॅन्सरच्या आधीच आतून पांढरे, ताठ झालेले असतात. अशा तोंडाला शेकानंतर आवळायला वेळ लागत नाही.

घट्ट झालेलं कोलॅजन हमखास विरघळवेल असं औषध आज नाही. पेन्टॉक्सिफायलिन आणि ई जीवनसत्त्व जोडीनं महिनोन्महिने देतात. काहींना फरक पडतो, पण अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. म्हणूनच व्यायामाबद्दल मी आग्रहानं लिहितोय, आणि तो शेक संपायची वाट न पाहता सुरू करायला हवा. आइस्क्रीमच्या चपट्या, स्वच्छ लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या. मग मधोमध आणखी एक हलकेच सरकवायची. ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये. थोडा वेळ धरून सोडायचं, आणि हे दिवसातून अनेकदा. किती काड्या, किती वेळ, ते फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यावं. वरच्या-खालच्या पुढच्या दातांतलं अंतर 35 मिलिमीटर किंवा त्याहून कमी झालं, तर त्याला ट्रिसमस म्हणतात. घरच्या घरी अंदाज घ्यायला आपलीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात जातात का, ते पाहावं.

दात काढायची वेळ आली तर दंतवैद्याला शेकाची फाइल दाखवाच. रक्तपुरवठा कमी झालेलं जबड्याचं हाड नीट भरून येत नाही. आणि तोंड एकाएकी झपाट्यानं मिटू लागलं, किंवा नवी गाठ हाताला लागली, तर काड्या वाढवत बसू नका. कॅन्सर परतला नाही ना, हे आधी तपासून घ्या.