गिट, सबव्हर्जन आणि त्यांच्या ठाऊक असलेल्या उणिवा: चाचणी करावी का?

गिट आणि सबव्हर्जन म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर, आणि कमिट म्हणजे अशी एक नोंद. "गिटमध्ये कुणीही कुणाच्याही नावाने कमिट करू शकतं म्हणे. आमचा सर्व्हर तपासून द्या." सुरक्षा चाचणीसाठी आमच्याकडे येणारे ग्राहक असं अधूनमधून सांगतात. यात तपासण्यासारखं काही नाही. नाव आणि ईमेल वापरणाराच भरतो. ते खरे आहेत की नाहीत हे गिट पाहत नाही. रचनाच तशी आहे. तपासायचा तो त्यावर घातलेला बंदोबस्त. डिजिटल सही नसलेली कमिट मुख्य ब्रँचवर (कोडच्या मुख्य शाखेवर) पुश करून, म्हणजे सर्व्हरकडे पाठवून बघा, सर्व्हरने ती नाकारली पाहिजे. डेव्हलपरच्या मशीनवरच्या प्री-कमिट हूकवर, म्हणजे कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या तपासणीवर, मात्र विसंबू नका. '--नो-व्हेरिफाय' लिहिलं की तो चालतच नाही.

काही चाचण्या अंगलट येतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल यांनी दोन पीडीएफ प्रसिद्ध केल्या. मजकूर वेगळा, शा-१ हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) मात्र एकच. वेबकिट प्रकल्पातल्या मंडळींनी आपल्या ब्राउझर इंजिनच्या एका चाचणीसाठी त्या दोन्ही फाइल सबव्हर्जनमध्ये कमिट केल्या. सबव्हर्जन जागा वाचवण्यासाठी सारखा मजकूर एकदाच साठवतं, आणि सारखेपणा ठरवायला शा-१ वापरतं. झालं, चालू रेपॉझिटरीच, म्हणजे कोड आणि त्याच्या सगळ्या नोंदींचा साठाच, बिघडली! फाइल काढून टाकल्या तरी गिटमध्ये जाणारी प्रत पुढे सरकेना. त्यांना तपासायचं होतं ब्राउझर इंजिन, आणि मोडली रेपॉझिटरी.

म्हणून ज्या उणिवेवर दुरुस्ती आली आहे, तिथे आम्ही हल्ला करून पाहत नाही, व्हर्जन पाहतो. गिट २.१३ पासून असे मुद्दाम जुळवलेले हॅश ओळखले जातात. मे २०२४ मध्ये, सबमॉड्यूलसकट (आत जोडलेल्या दुसऱ्या रेपॉझिटरींसकट) क्लोन करतानाच, म्हणजे प्रत उतरवून घेतानाच, परका कोड चालू शकेल अशी खोट बुजवली गेली. विंडोज आणि मॅकवाल्यांनी २.४५.१ किंवा त्यापुढचं व्हर्जन घालावं.

पासवर्ड कमिट झाला असेल तर चाचणी नकोच, आधी पासवर्ड बदला. फाइल पुसली तरी जुन्या कमिटमध्ये तो तसाच राहतो.

बाकीच्या चाचण्या आम्ही करतो, पण रेपॉझिटरीच्या वेगळ्या प्रतीवर आणि तुमची लेखी परवानगी घेऊनच. होस्टिंग दुसऱ्या कंपनीचं असेल तर त्यांचीही परवानगी लागते. बॅकअप रिस्टोर करून कधी पाहिलाच नसेल, तर सुरुवात तिथूनच करू.