गोळी चुरडली तरी औषध तेच?

कळवा असो की वाशी, वॉर्डात हे हमखास दिसतं: आजोबांना गोळी गिळवत नाही, म्हणून दोन चमच्यांत चुरडून मधातून देतात. ‘पोटात जाऊन विरघळायचीच आहे ना!’ तसं नाही. स्ट्रिपवर एसआर, ईआर, एक्सएल किंवा रिटार्ड असेल तर ती गोळी औषध तासन्‌तास थोडं थोडं सोडते. निफेडिपिन रिटार्ड (रक्तदाबाची गोळी) चुरडली की सगळा डोस एकदम उतरतो, रक्तदाब कोसळतो आणि आजोबा बाथरूमच्या वाटेवर पडू शकतात. पॅन्टोप्राझोल या अॅसिडिटीच्या गोळीचं उलटं: आवरण फुटलं की जठरातलं आम्ल औषधच निकामी करतं. (रक्तदाबाच्याच मेटोप्रोलॉल एक्सएल गोळीला खाच असेल तर अर्धी करता येते, पण चुरडायची नाही.) सिस्टरना आधी विचारा, बऱ्याचदा सिरप किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मिळते. नाकातल्या नळीतून देताना प्रत्येक औषध वेगळं, मध्ये निदान १५ मिली पाणी. नाहीतर नळी तुंबते.