इंग्लंडमध्ये आरईच्या तासाला फिलॉसॉफी कशी शिरली : पार्श्वभूमी

इंग्लंडच्या सेकंडरी शाळांची वेळापत्रकं बघितली तर एकाच विषयाला कुठे आरई (रिलिजस एज्युकेशन, म्हणजे धर्मशिक्षण) म्हणतात, कुठे रिलिजन अँड फिलॉसॉफी, कुठे नुसतंच फिलॉसॉफी अँड एथिक्स. शिकवणारा माणूस बहुतेक वेळा त्याच पात्रतेचा आणि पेपरही शेवटी रिलिजस स्टडीजचाच (आरईच्या परीक्षेचं नाव) असतो, कारण सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेला फिलॉसॉफी असा वेगळा विषयच नाहीये. पुढे अठराव्या वर्षीच्या ए लेव्हल परीक्षेला आहे, पण तोही एकच परीक्षा बोर्ड घेतं. म्हणजे पोरांना देव आहे का, वाईट का घडतं, गर्भपात चूक की बरोबर यावर वाद घालायचा असेल तर तो आरईच्याच छताखाली घालावा लागतो.

जुना भाग थोडक्यात. 1870 च्या कायद्याने करातून चालणाऱ्या शाळांमध्ये कुठल्याही एका ख्रिस्ती पंथाची श्रद्धा पाठ करून घेणारी प्रश्नोत्तरी (कॅटेकिझम) शिकवायला मनाई केली आणि मूल धर्माच्या तासाला न बसवण्याची मुभा पालकांना दिली. 1944 ला धर्माचा तास सगळीकडे सक्तीचा झाला, तेव्हा कायद्याने सक्तीचा असलेला तो एकच विषय होता, गणितसुद्धा नव्हतं. सिलॅबस मात्र सरकारने द्यायचा नाही, प्रत्येक भागातल्या कौन्सिलने चर्चवाले आणि शिक्षक संघटना यांना एकत्र बसवून एकमताने ठरवायचा. हा स्थानिक सिलॅबसचा प्रकार तेव्हापासून मानेवर बसलाय तो अजून उतरलेला नाही.

साठच्या दशकात वर्गातली मुलं बदलली, हिंदू शीख मुस्लिम घरातली पोरं समोर बसायला लागली, आणि सगळ्यांना बायबलच किती शिकवणार हा प्रश्न आला. सत्तरच्या दशकात बर्मिंगहॅमने सिलॅबसमध्ये इतर धर्म तर घातलेच, वर कम्युनिझम आणि मानवतावादही (देव-धर्म न मानता नीती मांडणारा विचार) घातला, त्यावर एवढा गदारोळ झाला की वकिलांचा सल्ला घेऊन मसुदा परत लिहावा लागला. माझ्या मते आजचे सगळे वाद तिथेच दिसतात, फक्त तेव्हा समोर कम्युनिझम होता म्हणून घाबरायला सोपं गेलं.

1988 च्या कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला आणि आरईला त्याच्या बाहेर ठेवलं. सक्ती कायम, नाव 'इन्स्ट्रक्शन' वरून 'एज्युकेशन' झालं, सिलॅबस स्थानिकच राहिला. नवीन सिलॅबसने देशातली धार्मिक परंपरा मुख्यतः ख्रिस्ती आहे हे दाखवायचं आणि बाकी प्रमुख धर्मांचीही दखल घ्यायची अशी तडजोड कायद्यात लिहिली गेली. धर्म न मानणाऱ्यांचं काय, याबद्दल त्या वाक्यात काहीच नाही.

आता सक्ती आहे पण केंद्रीय सिलॅबस नाही म्हटल्यावर शाळांनी आपापली वाट काढली. पंधरा वर्षांच्या पोरांना सणांची माहिती परत परत देण्यापेक्षा एथिक्सचे प्रश्न घेतले तर वर्ग जागा राहतो हे शिक्षकांना कळलं, परीक्षा बोर्डांनीही तसे पेपर काढले, पूर्ण जीसीएसईच्या अर्ध्या वजनाचा शॉर्ट कोर्स आला आणि लाखांनी मुलं बसायला लागली. यातून थोडा उथळपणा आला हेही खरं, धर्माचं फार काही न वाचता स्वतःचं मत आणि एक विरोधी मत लिहून बरे मार्क मिळायचे. मग 2010 ला सरकारने इंग्लिश बॅकलॉरिएट नावाचा शाळा मोजायचा नवा निकष आणला, त्यात इतिहास-भूगोल धरले, रिलिजस स्टडीज नाही. कारण काय तर तो आधीच सक्तीचा आहे. पाठोपाठ शॉर्ट कोर्स शाळांच्या क्रमवारीत धरणंच बंद झालं आणि त्याला बसणारी मुलं लाखांवरून काही हजारांवर आली. विषयाच्या नावाच्या पाट्या बदलायची घाई बऱ्याच शाळांना याच काळात झाली, पालकांना आरईपेक्षा फिलॉसॉफी जड वाटते, काय करणार.

खरी गुंतागुंत 2015 ची. त्या वर्षी सरकारने जीसीएसईचा नवा आराखडा काढला. दोन धर्म सक्तीचे, साधारण निम्मे मार्क त्यांच्या श्रद्धा आणि आचारांवर, उरलेले धर्मग्रंथांवर किंवा विषयवार प्रश्नांवर, म्हणजे कुटुंब, युद्ध, गुन्हा-शिक्षा, ईश्वराचं अस्तित्व वगैरे. मानवतावाद हा एखाद्या धर्मासारखा पूर्ण अभ्यासायचा पर्याय द्या अशी मागणी होती, ती नाकारली. तिथवर ठीक, पण आराखड्यात एक वाक्य असं होतं की हा आशय आरईच्या कायदेशीर सक्तीशी सुसंगत आहे. याचा शाळा सरळ अर्थ घेणार, की जीसीएसई शिकवलं की सक्ती पूर्ण, वेगळं काही शिकवायची गरज नाही. तीन कुटुंबं कोर्टात गेली, आणि नोव्हेंबर 2015 ला हायकोर्टाने ते वाक्य कायद्याच्या दृष्टीने चूक ठरवलं.

हा निकाल लोक दोन्ही बाजूंनी वाकवतात म्हणून नीट सांगायला हवा. कोर्टाने परीक्षेचा आशय बेकायदा म्हटला नाही, परीक्षा पूर्णपणे धर्मांवर असू शकते. सगळ्या विचारांना सारखाच वेळ द्या असंही म्हटलं नाही, त्यात सरकारला बरीच मोकळीक आहे. म्हटलं एवढंच की सक्तीचा तास चालवताना माहिती अनेक बाजूंनी, निष्पक्षपणे द्यायची जबाबदारी सरकारची आहे, आणि धर्म न मानणाऱ्यांचे विचार जवळपास पूर्ण वगळून ती पार पडत नाही. म्हणजे नुसत्या जीसीएसईवर भागेलच असं कुठल्याही शाळेने धरून चालू नये. शिक्षण मंत्रालयाने साधारण महिनाभरात, तेही ख्रिसमसच्या सुट्टीत, मार्गदर्शन काढलं की निकालाचा परिणाम फार मर्यादित आहे आणि शाळांनी काही बदलायची गरज नाही. आराखडा तसाच राहिला, 2016 पासून शिकवायला लागले. शिक्षकाच्या हातात मग एकीकडे निकाल, एकीकडे मार्गदर्शन, आणि आठवड्याला एक तास.

त्यानंतर सगळं भराभर झालं. 2018 ला एका स्वतंत्र आयोगाने विषयाचं नाव 'रिलिजन अँड वर्ल्डव्ह्यूज' (धर्म आणि जगाकडे बघायच्या दृष्टी) करा आणि सगळ्या शाळांना एकच राष्ट्रीय चौकट द्या असं सुचवलं, सरकारने ही ती वेळ नव्हे म्हणून बाजूला ठेवलं. तोवर बहुतेक सेकंडरी शाळा अकॅडमी (कौन्सिलच्या हाताखालून निघून थेट सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा) झालेल्या, त्यांना स्थानिक सिलॅबस पाळायचं बंधन नाही, म्हणजे 1944 चा तो सगळा सांगाडा उरला पण त्याखालच्या शाळाच निघून गेल्या. वेल्सने 2022 पासून धर्म, मूल्यं आणि नीती असा विषय आणला, अधार्मिक विचार कायद्यातच घातले आणि नव्या अभ्यासक्रमात पालकांची तास सोडायची मुभा काढून टाकली. स्कॉटलंडचं गणित आधीपासूनच वेगळं, तिथे परीक्षेच्या विषयाच्या नावातच फिलॉसॉफिकल आहे. 2023 ला इंग्लंडच्या हायकोर्टाने मानवतावादी आहे एवढ्याच कारणाने कुणाला आरईच्या स्थानिक सल्लागार समितीतून बाहेर ठेवता येणार नाही असंही ठरवलं. आणि 2025 च्या अभ्यासक्रम आढाव्यात आरई टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय अभ्यासक्रमात घ्या अशी शिफारस आलीये, त्यासाठी आधी चर्चवाले, बाकी धर्मांचे लोक, मानवतावादी आणि शिक्षक यांचं एका मसुद्यावर जमायला हवं.