ताटातून चकली कधी गेली?

दिवाळीत फराळाचं ताट समोर आलं की आत्या चकली आणि कडबोळी गुपचूप माझ्या ताटात सरकवते. "तेलकट सोसत नाही गं आता." बटाटेवडा मात्र तिला बरोबर सोसतो. भाकरी ती दुधात कुस्करून खाते, पेरूची फोड उचलून परत ठेवते. जेवणानंतरचा विडा तर तिनं केव्हाच छोट्या खलबत्त्यात कुटायला सुरुवात केली होती. घरात याला कुणी आजार म्हटलं नाही. वय झालं, एवढंच.

खरं कारण दातांच्या दवाखान्यात कळलं. डॉक्टरीणबाईंनी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई, म्हणजे प्रोब, दात आणि हिरडी यांच्या सांध्यात अलगद घातली आणि आकडे सांगू लागल्या. तीन, तीन, पाच, सात. शेजारी उभी असलेली मुलगी लिहून घेत होती. निरोगी हिरडीत प्रोब एक ते तीन मिलिमीटर खाली जातो. सात मिलिमीटर म्हणजे दाताला धरून ठेवणारे धागे तुटलेत आणि आतलं हाडही झिजलंय. आपण ज्याला पायोरिया म्हणतो, ते हेच.

सुरुवात होते दातावरच्या चिकट थरातून. त्यात जंतूंची वस्ती असते. थर रोज निघाला नाही की लाळेतले क्षार त्यात बसून त्याचं किटण होतं. खालच्या पुढच्या दातांच्या मागे जीभ फिरवून पाहा. लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात, म्हणून किटण तिथे आधी धरतं. जंतूंना हुसकावायला शरीर त्या जागी रक्त आणि पांढऱ्या पेशी पाठवतं, हिरडी सुजते, ब्रश लागला की रक्त येतं. डेन्मार्कमधल्या आऱ्हूस इथे हॅराल्ड लो यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं होतं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. इथवर सगळं परत फिरवता येतं. सूज खाली हाडापर्यंत पोचली की मात्र गेलेलं हाड सहसा परत येत नाही.

आणि एवढं सगळं होताना दुखत नाही! किडलेला दात रात्रीची झोप उडवतो, कारण त्याची नस कठीण भिंतींच्या आत कोंडलेली असते आणि सूज आली की दाब वाढतो. दात आणि हिरडी यांच्यात पडलेल्या खोल फटीचं, म्हणजे पॉकेटचं, तोंड उघडं असतं, त्यामुळे पू बाहेर झिरपतो आणि दाब साचत नाही. ते तोंड बंद झालं तरच गळू होऊन ठणका लागतो. विडी-सिगरेट ओढणाऱ्यांत तर रक्त येण्याची खूणही दबून जाते. आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या कितीतरी बायका 'लावली की दातांना बरं वाटतं' म्हणतात. ते बरं वाटणं तंबाखूचं असतं. हिरडी मात्र त्याच जागी खाली सरकत जाते.

डॉक्टरांकडे आजार मिलिमीटरमध्ये मोजला जातो. माणूस तो वेगळ्याच मापानं भोगतो. ते माप घेण्यासाठी ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या गॅरी स्लेड आणि जॉन स्पेन्सर यांनी १९९४ साली ४९ प्रश्नांची एक यादी तयार केली. १९९७ साली स्लेड यांनी तिची १४ प्रश्नांची छोटी आवृत्ती काढली आणि तीच आज जगभर वापरली जाते. शब्द उच्चारताना अडतं का? खाताना त्रास होतो का? जेवण अर्ध्यात थांबवावं लागतं का? तोंडामुळे लाजल्यासारखं होतं का? इतरांवर चिडचिड होते का? 'कधीच नाही'ला शून्य, 'फार वेळा'ला चार. जितके गुण जास्त, तितका जगण्यावरचा भार जास्त. आजार जितका गंभीर तितके हे गुण साधारणपणे वाढलेले दिसतात.

मला यातला लाजेचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पॉकेटमधले जंतू गंधकयुक्त वायू सोडतात, त्यांची दुर्गंधी येते. आपलं नाक आपल्याच वासाला सरावलेलं असतं, म्हणून तो आधी समोरच्याला कळतो आणि समोरचा सांगत नाही, फक्त जरा मागे सरकतो. हाड झिजलं की पुढचे दात पंख्यासारखे पसरतात, फटी पडतात, 'स' म्हणताना शिट्टी वाजते. मग हसताना हात आपोआप तोंडावर जातो. जुने फोटो पाहिले तेव्हा लक्षात आलं, गेल्या काही वर्षांत आत्या एकाही फोटोत दात दाखवून हसलेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात १०० कोटींहून जास्त लोकांना हिरड्यांचा गंभीर आजार आहे. मधुमेहाशी त्याचं दुहेरी नातं आहे. साखर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. मधुमेह असलेल्यांत हिरड्यांच्या उपचारांनंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, सरासरी ०.४ टक्के-अंकांच्या आसपास कमी झाल्याचं दिसतं.

प्रश्नावलीलाही खोट आहे. आत्याला विचारलं तर तिनं बहुतेक ठिकाणी शून्यच दिलं असतं. जे चावत नाही ते ती खायचंच सोडते, मग त्रास होणार कशाचा? माणूस आजाराशी जुळवून घेतो आणि आकडा छान दिसतो.

उलटही घडतं, आजार कमी होतो आणि त्रास वाढल्यासारखा वाटतो. साफसफाई झाल्यावर सूज उतरते, मुळं उघडी पडतात, थंड पाणी झिणझिणतं. किटणानं एकमेकांना चिकटलेले दात मोकळे झाल्यामुळे थोडे जास्तच हलल्यासारखे वाटतात. 'दात साफ केले की हलायला लागतात' ही समजूत इथूनच आली असावी. हाड आधीच गेलेलं होतं, किटणानं ते झाकलं होतं.

आत्याचे दात साफ झाल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा सातचे पाच झाले होते. डॉक्टरीणबाई खूश. आत्याला त्या आकड्याचं काहीच नव्हतं. बाहेर पडल्यावर रिक्षात म्हणाली, "काल भाकरी कोरडी खाल्ली. चकलीचं बघू दिवाळीत."